ऊन, पाऊस आणि विजेची गाडी

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही त्यांना प्रांजळपणे सांगितले की, आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फिटिंग खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. यंत्रशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? त्यावर चालक म्हणाले, "भाऊ, गाड्या बनवणारे आणि विकणारे आपल्याकडे पुष्कळ येऊन गेले. भर उन्हात बंद पडलेली गाडी जो ढकलतो, त्याच्या बाजूने अजून कोणी बोललेले नाही." हे आम्हांस पटले, म्हणून हा विषय घेतला.

आमचा वावर नागपुरात, आणि तोही रिक्षाचालक, टॅक्सीचालक आणि घरोघर सामान पोचवणारी पोरे यांच्यात. विजेवर चालणारी गाडी चांगली की वाईट, असा वाद आम्हांस आज घालावयाचा नाही. ती धूर सोडत नाही, आवाज करीत नाही आणि पेट्रोलच्या मानाने तिचा रोजचा खर्च कमी, हे आमची माणसेच सांगतात. प्रश्न एवढाच की, ज्या देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जुलैमध्ये रस्त्यांचे नाले होतात, तेथे या गाडीवर पोटाचा भरवसा ठेवता येईल काय? आणि भरवसा मोडला, तर त्याची भरपाई कोणी करावयाची?

नळाचे पाणी आणि मडक्यातले पाणी

विजेवर चालणारे वाहन ही काही नवलाई नाही. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि १९६४ पर्यंत चालली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी धावली, आणि आज शंभर वर्षांनंतरही मुंबईचा कामगार त्याच विजेवर कामाला जातो. पावसाळ्यात ती गाडी अडते, हे खरे. पण तिची रोजची सेवा विश्वासाची ठरली, हेही तितकेच खरे.

मग रस्त्यावरच्या विजेच्या गाडीचीच काळजी का? कारण आगगाडी आणि ट्राम डोक्यावरच्या तारेतून लागेल तेव्हा लागेल तेवढी वीज घेतात. त्यांचा व्यवहार नळाच्या पाण्यासारखा. रस्त्यावरच्या गाडीला आपले पाणी मडक्यात भरून डोक्यावर घेऊन निघावे लागते. मडके किती मोठे, ते झिरपते किती, भरावयास वेळ किती लागतो आणि वाटेत फुटले तर काय, हे सगळे प्रश्न तिच्यापाशी आले. हे मडके म्हणजेच बॅटरी. विजेच्या मोटारीचा भाग, म्हणजे फिरणारा चाकाजवळचा यंत्रभाग, फारसा रुसत नाही. त्यात पेट्रोलच्या इंजिनापेक्षा फिरते भाग पुष्कळ कमी असतात. हवामानाचा मार बसतो तो प्रामुख्याने बॅटरीवर, आणि तिच्या जोडीला असलेल्या नाजूक विद्युत्‌-यंत्रणेवर.

हे दुखणेही जुनेच आहे. १९०० च्या सुमारास अमेरिकेच्या रस्त्यांवरील मोटारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश विजेच्या होत्या. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, आणि १९१२ साली हँडल न मारता इंजिन सुरू करणारा स्टार्टर मोटारींत आला. बॅटरीचे वजन मोठे आणि पल्ला लहान, यामुळे विजेची मोटार मागे पडली. ती पुन्हा पुढे आली ती लिथियमच्या बॅटरीमुळे. ही बॅटरी १९९१ साली बाजारात आली, आणि तिच्यामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पारितोषिक रसायनशास्त्राचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बॅटरीत वीज धान्यासारखी पोत्यात भरलेली नसते. तिच्यात रसायने असतात. चार्ज करताना लिथियमचे विद्युत्‌भारित कण एका ध्रुवाकडून निघून, मधल्या द्रावातून प्रवास करून दुसऱ्या ध्रुवात जाऊन बसतात. गाडी चालू लागली की तेच कण परत फिरतात आणि वीज बाहेर मिळते. ही ये-जा जितकी सुरळीत, तितकी गाडी सुरळीत. आणि रसायनाचा स्वभाव आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. उन्हाळ्यात दुधाला विरजण लावले तर दही चटकन लागते आणि संध्याकाळपर्यंत आंबूनही जाते. थंडीच्या दिवसांत रात्रभर ठेवले तरी ते नीट लागत नाही. बॅटरीचे तंतोतंत असेच आहे. उष्णता तिला उतावीळ करते आणि लवकर नासवते. थंडी तिला गोठवून सुस्त करते. साधारणपणे १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान ती सुखात असते. म्हणजे जे हवामान माणसाला मानवते, तेच तिला मानवते.

उन्हाचे दोन मार

उन्हाने होणारे नुकसान दोन प्रकारचे असते. एक आजचे आणि दुसरे उद्याचे. या दोहोंत गल्लत केली की वाद वाढतो आणि उपाय सुचत नाही.

आजचे नुकसान असे. चांगल्या बॅटरीत तापमान पाहणारी एक राखणदार यंत्रणा बसवलेली असते. बॅटरी ठराविक मर्यादेपलीकडे तापली की ही यंत्रणा प्रवाह कमी करते. आणखी तापली तर प्रवाह तोडते. चालकाला एवढेच दिसते की, चढावर गाडी दम टाकते, वेग वाढत नाही किंवा ती चालता चालता थांबते. चार्जिंगचेही तसेच. लिथियमच्या पुष्कळशा घटांना ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावे, असे बनवणारे सांगतात. आता हिशेब करून पाहा. हवामान खाते जे ४५ अंश सांगते ते सावलीतले. भर दुपारचे डांबर ६० अंशांच्या पुढे जाते. त्या डांबरावरून, वरून ऊन घेत, चार तास धावून आलेल्या स्कूटरची बॅटरी आतून किती तापलेली असेल? तिने चार्ज घेण्याचे नाकारले तर तो बिघाड नव्हे. ती स्वतःचा जीव वाचवीत असते.

उद्याचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग अंदाजे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम रसायनशास्त्रात सांगतात. बॅटरीत उपयोगाच्या क्रियेबरोबर झिजेच्या क्रियाही चालू असतात. उष्णतेने त्यांचाही वेग वाढतो. बॅटरी पूर्ण भरून कडक उन्हात उभी ठेवली तर झीज अधिकच होते. ज्या गाडीवर हप्ता पाच वर्षांचा आहे, तिची बॅटरी तीन उन्हाळ्यांत थकली, तर उरलेले हप्ते चालक कशातून फेडणार? स्वस्त ई-रिक्षांत अजूनही शिशाच्या बॅटऱ्या पुष्कळ आहेत. त्यांचे तर उन्हाळ्यात पाणीच उडते. वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घातले नाही तर पत्रे उघडे पडून बॅटरी कायमची जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात गाडीचा पल्ला फार घटतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली पाच विजेच्या मोटारी तपासून पाहिल्या. ३५ अंश तापमानात, एअर-कंडिशनर बंद असताना, पल्ला ४ टक्क्यांनीच कमी झाला. एअर-कंडिशनर लावल्यावर १७ टक्क्यांनी. म्हणजे ऊन आजच्या पल्ल्यापेक्षा बॅटरीच्या आयुष्यावर अधिक घाला घालते. जाहिरातीत पल्ल्याचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. चार उन्हाळ्यांनंतर त्यातला किती उरेल, हे मात्र बारीक अक्षरांत शोधावे लागते. शिवाय आमची तपासणी ३५ अंशांवर थांबून भागणार नाही, कारण आमचा चालक त्याच्याही दहा अंश पुढे काम करतो.

आगीचा प्रश्न

२०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात आणि देशात इतर ठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या. तामिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटून बाप आणि मुलगी दगावली. लोक भ्याले आणि म्हणाले, "उन्हाने पेटली."

उन्हाने पेटली, हे म्हणणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. चांगला घट नुसत्या ४५ अंशांच्या हवेने पेट घेत नाही. घटाच्या आत दोन ध्रुवांमध्ये एक पातळ पडदा असतो. बांधणीत खोट राहिली, धक्क्याने पडदा फाटला किंवा गरजेपेक्षा अधिक चार्ज झाला, तर आतल्या आत वीज जुळते आणि घट तापू लागतो. एका मर्यादेनंतर ही उष्णता स्वतःच आणखी उष्णता निर्माण करते, आणि शेजारचे घट एकामागून एक पेटत जातात. गवताच्या गंजीत एक काडी पेटावी, तसे. बाहेरचे ऊन या काडीला वारा घालते. काडी मात्र बांधणीतली असते. त्या वर्षी सरकारने तज्ज्ञ नेमले. बॅटऱ्यांच्या बांधणीत आणि राखणदार यंत्रणेत दोष आढळल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. त्यानंतर बॅटऱ्यांच्या कसोट्यांचे नियम कडक करण्यात आले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. एका घटाची आग सगळ्या पेटीत पसरते काय, पेटीत पाणी शिरते काय, या गोष्टी आता तपासाव्या लागतात.

पेट्रोलची गाडीही पेटते, हे विसरू नये. फरक एवढा की पेट्रोलची टाकी आपण झोपण्याच्या खोलीत आणून भरीत नाही. एका खोलीत संसार करणाऱ्या माणसाला बॅटरी चार्ज करण्यासाठी दुसरी जागाच नसते. म्हणून ज्याचे घर लहान, त्याला या गाडीचा धोका मोठा.

थंडीचे धडे

आपल्याकडे काश्मीर-लडाख सोडल्यास थंडीचा प्रश्न मोठा नाही. तरीही थंड देशांकडे पाहावे, कारण तेथे हा प्रश्न आधी आला आणि काही अंशी सुटलाही.

शून्याखालच्या थंडीत बॅटरीतला द्राव जड होतो, कणांची ये-जा मंदावते. त्या स्थितीत जबरदस्तीने चार्ज केले तर लिथियम ध्रुवाच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठावर धातूच्या थराच्या रूपाने बसते आणि बॅटरीस इजा होते. दुसरी अडचण गाडीतल्या उबेची. पेट्रोलचे इंजिन इंधनातल्या शक्तीपैकी सुमारे पाव ते तिसरा हिस्साच चाकाला देते. उरलेली उष्णता वाया जाते. थंडीत या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच मोटारीत बसणारा शेकत असतो. विजेची गाडी काटकसरी, तिच्याजवळ वाया घालवण्यास उष्णताच नाही. ऊब हवी तर ती बॅटरीतूनच काढावी लागते. वर सांगितलेल्या तपासणीत शून्याखाली ७ अंशांना, ऊब चालू ठेवून, पल्ला ४१ टक्क्यांनी घटला. ऊब बंद ठेवली तेव्हा १२ टक्क्यांनीच.

जानेवारी २०२४ मध्ये शिकागो शहरात शून्याखाली २० अंशांच्या आसपास थंडी पडली, तेव्हा चार्जिंग केंद्रांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या आणि कित्येक मोटारी तेथेच बंद पडल्या. जगभर बातमी झाली की, थंडीत या गाड्या कुचकामी. पण नॉर्वे तर त्याहून थंड देश. तेथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. मग शिकागोत जे घडले ते तेथे रोज का घडत नाही? कारण तेथे पुष्कळांना घराशी चार्जिंग मिळते, निघण्यापूर्वी बॅटरी तारेच्या विजेवर कोमट करून घेण्याची सवय आहे, आणि रस्त्यांवर केंद्रे भरपूर आहेत. तरीही २०२३-२४ च्या हिवाळ्यात खुद्द ऑस्लो शहरात विजेच्या बसगाड्यांचा पल्ला थंडीने घटला आणि फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. खासगी मोटारवाला आपल्या सोयीने निघतो; बसला वेळापत्रक असते. रोजीसाठी दिवसभर धावणाऱ्या गाडीची कसोटी वेगळी असते, एवढे यावरून आम्ही शिकलो.

पाणी आणि धूळ

पावसात विजेची गाडी चालवली तर शॉक बसतो, ही भीती लोकांच्या मनात आहे. चांगल्या गाडीची बॅटरी बंद पेटीत असते. पेटीवर संरक्षणाचा आकडा लिहिलेला असतो. "आय. पी. ६७" असे असेल तर त्यातला ६ धुळीसाठी आणि ७ पाण्यासाठी. सातचा अर्थ असा की, एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली तरी अपायकारक पाणी आत शिरत नाही. पण ही कसोटी नव्या पेटीची. दोन वर्षे खड्ड्यांतून आपटत गेल्यावर रबराची पट्टी तशीच राहते काय, हे कोणी तपासत नाही. शिवाय पाणी बॅटरीतच शिरले पाहिजे असे नाही. वायरींचे जोड, चार्जिंगचे तोंड आणि कंट्रोलर यांत ओल गेली तरी गाडी बसते. धूळ या जोडांत बसून राहते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. म्हणून मृगाच्या आधी जोड साफ करून घेणे हे छत्री दुरुस्त करून घेण्याइतकेच जरुरीचे आहे.

पुराची गोष्ट आणखी वेगळी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात पूर आला, तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या. बुडालेली विजेची गाडी सुकल्यावर चालू झाली म्हणून निर्धास्त राहू नये. खारे पाणी तर फारच वाईट, कारण त्यातून वीज सहज वाहते आणि ते आटल्यावर मागे मीठ राहते. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वादळाने समुद्र आत आला. त्यात बुडालेल्या काही विजेच्या मोटारी पाणी ओसरल्यावर पेटल्या, काही तर कित्येक दिवसांनी. आपल्या कोकणपट्टीने आणि मुंबईने हा धडा आताच घ्यावा.

वहीची हकिकत

आता आमची स्वतःची हकिकत. २०२४ च्या उन्हाळ्यात सामान पोचवणारी काही पोरे युनियनच्या कचेरीत आली. गाड्या त्यांच्या नव्हेत. एका कंपनीकडून दिवसाच्या भाड्याने घेतलेल्या. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, दुपारी दोनच्या पुढे गाडी दम टाकते. ऑफिसात सांगतो तर म्हणतात, तुझ्याच गाडीला काहून होते? तू चालवतच बरोबर नाही." गाडी बंद पडली तरी भाडे चालूच, आणि पोचवायचे सामान उशिरा गेले म्हणून वरून कपात.

त्याच आठवड्यात एक विशीतला मुलगा बंद पडलेली स्कूटर भर दुपारी कामठी रोडने ढकलत निघाला. गाडी रस्त्यात सोडली तर दंड, म्हणून सोडता येईना. दोन-अडीच किलोमीटरवर तो कोसळला. उन्हाचा झटका होता. तीन दिवस दवाखान्यात काढून तो वाचला. त्या तीन दिवसांचे भाडे मात्र त्याच्या हिशेबातून कापले गेले होते.

आमचे रक्त तापले. आम्ही कागद काढून मोर्चाची घोषणा लिहिली : "विजेच्या गाड्या परत घ्या." ही आमची चूक होती, आणि ती त्या पोरांनीच दुरुस्त केली. ते म्हणाले, "भाऊ, गाडी परत गेली तर पेट्रोलची घ्यावी लागेल. तेवढ्या खर्चात आमचे भागत नाही. आम्हाला गाडी पाहिजे, पण चालणारी पाहिजे."

तेव्हा मोर्चा बाजूला ठेवला आणि एक वही घातली. गाडी कोठे बंद पडली, किती वाजता, त्याआधी किती चालली होती, चार्ज केव्हा केली, कोठे उभी होती, एवढे प्रत्येकाने लिहावयाचे. त्याच सुमारास, ३० मे रोजी, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान-केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. शहरभर हाहाकार झाला. पुढे हवामान खात्याने सांगितले की, ते यंत्रच बिघडले होते. आम्ही पोरांना म्हटले, "पाहा, ऐकीव आकड्यावर भांडू नये. आपण आपल्या नोंदीवर भांडू."

वहीतून जे निघाले ते साधे होते. बहुतेक गाड्या दुपारी एक ते चारच्या दरम्यान अडत. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावलेल्या गाड्या पुढच्या फेरीत लवकर दम टाकीत. कंपनीचे बॅटरी बदलण्याचे केंद्र पत्र्याच्या टपरीत होते. दुपारी तेथे हाताला चटका बसावा इतक्या तापलेल्या बॅटऱ्या मिळत. कडुनिंबाखाली गाडी लावून तासभर थांबणाऱ्या दोघांच्या गाड्या मात्र क्वचितच अडल्या. चालकांचा दोषही निघाला, तो आम्ही लपवला नाही : हवा कमी असलेली चाके आणि एका गाडीवर दोघांचे वजन होईल एवढे सामान.

ही वही घेऊन आम्ही वाटाघाटीस बसलो. तेथल्या तरुण इंजिनिअरने ती मन लावून वाचली आणि वरिष्ठांदेखत म्हटले की, टपरीच्या जागेत दोष आहे. शेवटी केंद्रावर छप्पर आणि पंखे आले, गाडी अडली त्या दिवसाचे भाडे माफ झाले, बंद गाडी सावलीत सोडून कळवण्याची मुभा मिळाली. बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र मिळाली नाही. ते भांडण अजून चालू आहे.

भरवसा कोणाच्या जिवावर

त्या वहीने आम्हांस एक गोष्ट शिकवली. बॅटरी तापली की तिची राखणदार यंत्रणा काम थांबवते, आणि कंपनी त्यास योग्य संरक्षण म्हणते. मग माणूस तापला तर त्याने काम थांबवावे, यास बेशिस्त का म्हणावे? १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या जागेतील हवा व उष्णता यांविषयी कलम घातले होते, कारण तेव्हा कामाच्या जागेला छप्पर असे. आज कामाची जागा रस्ता झाली आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचे नाव आले, हे चांगले झाले. परंतु नाव आल्याने सावली मिळत नाही.

मे २०१७ मध्ये आमच्याच नागपुरात विजेच्या टॅक्सींचा मोठा प्रयोग थाटात सुरू झाला होता. पुढच्या काळात चालकांच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या : चार्जिंगसाठी लांब रांगा, रांगेत गेलेल्या वेळाची कमाई बुडालेली. काहींनी गाड्या परत करून डिझेलच्या घेतल्या. त्या प्रयोगात गाडीची कसोटी लागली, असे लोक म्हणतात. आमच्या मते कसोटी लागली ती चालकाच्या खिशाची. नव्या यंत्राच्या बाल्यावस्थेतला तोटा कोणीतरी सोसावाच लागतो. पण ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे, त्यानेच तो का सोसावा?

काय करावे

चालक बंधूंनी एवढे करावे. उन्हातून आलेली गाडी थोडी थंड होऊ द्यावी, मग चार्जिंगला लावावी. शक्य तर पहाटे किंवा रात्री चार्ज करावी. पूर्ण भरलेली गाडी उन्हात उभी करू नये. चाकांत हवा नीट ठेवावी. गाडीबरोबर मिळालेलाच चार्जर वापरावा, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि झोपण्याच्या जागी किंवा जिन्याखाली चार्जिंग करू नये. बॅटरी फुगली, वास आला किंवा पुरात बुडाली, तर ती घरात आणू नये. मिस्त्रीला दाखवल्याशिवाय चालू करू नये. आणि एक वही ठेवावी.

मालकांनी चार्जिंगची जागा सावलीची व हवेशीर करावी, उन्हाळ्यात शिलकी बॅटऱ्या अधिक ठेवाव्यात, आणि गाडी अडली की दोष प्रथम चालकाचा, ही सवय सोडावी. सरकारने एवढेच पाहावे की, पल्ल्याचा आकडा प्रयोगशाळेतल्या सुखद हवेत जसा काढतात, तसाच तो ४५ अंशांतही काढला जावा, आणि तोही गाडीवर तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिला जावा. बॅटरीची हमी वर्षांत सांगतात. ती विदर्भातल्या उन्हाळ्यांत सांगावी.

आमच्या वडिलांच्या पिढीने गिरणीतल्या नव्या मागाला प्रथम शत्रू मानले. पुढे त्यांना कळले की, माग शत्रू नव्हे. त्याच्यापाशी किती तास, कोणत्या हवेत आणि कोणत्या मजुरीवर उभे राहावयाचे, हा खरा प्रश्न आहे. विजेच्या गाडीचेही तसेच. ऊन आणि पाऊस कोणाच्या हातचे नाहीत. छप्पर, हमी आणि हिशेब हे मात्र माणसांच्या हातचे आहेत. कामठी रोडवर कोसळलेला तो मुलगा आजही विजेचीच गाडी चालवतो. परवा भेटला तेव्हा आम्ही विचारले, "कशी चालते रे गाडी?" म्हणाला, "चालते भाऊ. दुपारी दोघेही निंबाखाली थांबतो."